गळ्यातली थोरली

बसा रे, जरा सरकून बसा. शेकोटी सगळ्यांची आहे. लाइन यायला अजून वेळ आहे, आणि आली तरी टिकेल याचा भरवसा नाही. हरभरा काही पळून जात नाही. भुताची गोष्ट सांगा म्हणून तुम्हीच मागे लागलात. मग ऐका. मध्ये मोबाइल काढायचा नाही, आणि ऐकून झाल्यावर मोटर चालू करायला एकटा जात नाही म्हणून रडायचं नाही.

ही गोष्ट कुठल्या आटपाट नगरातली नाही. मोतीरामची बोलेरो तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. त्या रात्री गाडी त्यानंच चालवली. बाकीचं कोकिळेनं आपल्या घरच्या बायकांना सांगितलं, तेही अगदी कानाशी लागून, कुजबुजत. रात्रसुद्धा पक्की सांगतो. गेल्या संक्रांतीनंतरचा शनिवार, दुसऱ्या दिवशी पौषातली अमावस्या.

कोकिळा रोहिणखेडची लेक. इथं सोनाळ्यात निवृत्तीला दिली ती दुसरेपणावर. पहिली बायको पुष्पांजली, डेंग्यूच्या तापात गेली. मूलबाळ नव्हतं. बिजवराला पोरगी देताना काय करतात ते तुम्हाला कुठून माहीत असणार, तुम्ही लग्नात जाता ते डीजेपुढं उड्या मारायला. मेलेल्या बायकोचा चांदीचा टाक घडवतात, नखाएवढा, त्यावर बाईचं चित्र उठवलेलं. तो नव्या नवरीच्या गळ्यात बांधतात. सवतीचा टाक. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला, मग हिला. थोरलीचा मान थोरलीला मिळाला की ती गळ्यात गुमान बसते, घरात फिरत नाही, असा त्यातला समज.

कोकिळेनं हे सगळं दोन वर्षं बिनबोभाट केलं. नवरा चांगला होता, जीव लावणारा होता. सासू आशाबाई तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हती. टाक गळ्यात होता खरा, पण नवरा आपला होता, म्हणून तिला तो टोचत नव्हता.

मग टुनकीच्या रस्त्यावर निवृत्तीच्या मोटरसायकलला रोही, चांगली घोड्याएवढी नीलगाय, आडवी आली.

हातपाय वाचले, डोक्याला मार बसला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा चालत होता, जेवत होता, गाईम्हशी ओळखत होता. आईला ओळखत होता. फक्त मधली काही वर्षं पुसली गेली होती. पुष्पांजली मेली हे गेलं, आणि कोकिळा आली हेही गेलं.

"बाई, जरा पानी देता का?" तो कोकिळेला म्हणायचा. कुणी पाहुणी घरात आली आहे, असं अदबीनं. दिवे लागले की आईला विचारायचा, "पुष्पा आली नाही काय अजून?" कोकिळा त्याला न्हाऊ घालायची, घास भरवायची, पाय चेपायची. एकदा पाय चेपता चेपता त्यानं हात जोडले.

"तुम्ही माह्यासाठी लय करून राह्यल्या बाई. पुष्पा आली की तिले सांगतो, या बाईले लुगडं घे म्हनून."

सांगा आता. त्या पोरीच्या अंगाची आग आग झाली. सवत कणकेची असली तरी खुपते म्हणतात, आणि ही तर मेलेली. जिवंत असती तर चार शब्द भांडता आलं असतं, तिच्यापेक्षा चांगली भाजी करून दाखवता आली असती. मेलेलीला हरवायचं कसं? कोकिळेला दुसरं काही नको होतं. त्यानं एकदा, फक्त एकदा, तिच्याकडे बघून तिचं नाव घ्यावं. तेवढ्यासाठी ती जळत होती.

अशात खामगावच्या डॉक्टरांनी अपेक्षा मॅडमचं नाव सांगितलं. ही तरुण बाई, डोक्यावर संशोधन करणारी. मेंदूचे फोटो काढायची. तिनं कोकिळेला समजावलं ते असं: मेंदूत हजारो रस्ते असतात. लहान मुलाच्या डोक्यात ते हळूहळू पडत जातात, ओळखीचे रस्ते पक्के होतात, बिनकामाचे बुजतात. मोठ्या माणसाला मार लागला की काही तुटतात. मग मेंदू आडवाट शोधतो. ती आडवाट कशी पडते, ते ही बाई बघत होती.

"म्हंजे पूल वाहून गेला की लोक नदीतून वाट पाडतात, तसं?" कोकिळेनं विचारलं.

"अगदी तसंच, ताई," मॅडम हसल्या.

म्हणून निवृत्तीला त्या गोल मशीनमध्ये निजवायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज ऐकवायचे. एक परक्या बाईचा, एक घरच्या माणसाचा. कोणत्या आवाजाला डोक्यात कुठं हालचाल होते, ते पडद्यावर रंगांत दिसायचं. दिवसा मशीनला पेशंटची रांग, म्हणून अभ्यासाचं काम रात्री. पहिली खेप आषाढात झाली. कोकिळेनं आपला आवाज दिला. आशाबाईनं कुणाला न विचारता पुष्पांजलीचा जुना मोबाइल पुढं केला. त्यात पुष्पांजलीचं बोलणं होतं, कधीतरी नवऱ्याला पाठवलेलं, "अहो, या ना लवकर, भाकर गार व्हऊन राह्यली..."

फोटो आले तेव्हा कोकिळेनंच हट्ट धरला, मला दाखवा. मॅडम सरळ स्वभावाच्या, त्यांनी दाखवले. परक्या बाईच्या आवाजाला इथं थोडा रंग, तिथं थोडा. पुष्पांजलीच्या आवाजाला मात्र अर्धं डोकं उजळलं होतं, दिवाळी असल्यासारखं.

"अन् माह्या आवाजाले?"

 मॅडमनी तिसरा फोटो पुढं केला. तो पहिल्यासारखाच होता. परक्या बाईसारखा.

"ताई, यात प्रेम मोजत नाहीत हो. तो रस्ता अजून जुळला नाही, इतकंच."

 घरी येईपर्यंत कोकिळा मुठीत टाक धरून बसली होती. तळहातावर त्याचा ठसा उमटला, इतका घट्ट.

दुसरी खेप संक्रांतीनंतर ठरली. मॅडमचा आधीच फोन आला, ते जुनं वाक्य आता निवृत्तीभाऊंच्या ओळखीचं झालं असेल, पहिल्या ताईंचं दुसरं काही बोलणं असेल तर आणा. आशाबाईनं मोबाइल सुनेच्या हातात दिला. मले त्यातलं काही समजत नाही, तूच पाहाय म्हणाली. विश्वासानं दिला हो. आणि इथं कोकिळेच्या मनात पाप आलं.

गोठ्यात बसून तिनं पुष्पांजलीची सगळी बोलणी ऐकली. पुन्हा पुन्हा ऐकली. वाक्याच्या शेवटी ती बाई जरा हेल काढायची, मध्येच हसल्यासारखं करायची. कोकिळेनं तो हेल उचलला, ते हसू उचललं. धारा काढताना घोकलं, सरपण फोडताना घोकलं. बरोबर जमलं तेव्हा एक वाक्य भरलं, "अहो, उद्या बजारातून मले हिरव्या बांगड्या आनजा..." आणि पुष्पांजलीची होती नव्हती ती सगळी बोलणी पुसून टाकली. मॅडमकडचं ते एक वाक्य सोडलं, तर मेलेल्या बाईचा जगात उरलेला आवाज तो तेवढाच होता. हिचा विचार एवढाच की, माझ्या तोंडचा आवाज त्याच्या डोक्यात शिरला, तर निदान मला कळेल, आपल्याला तिथं जागा आहे.

शनिवारी दिवस मावळताना मोतीरामच्या गाडीतून तिघं निघाली. आशाबाई घरीच राहिली. खामगावात पोचली तेव्हा रांग सरली होती. मशीन चालवणारा फहीम, चांगला पोरगा. निवृत्ती घाबरतो म्हणून कोकिळेला मशीनच्या खोलीत त्याच्या पायाशी बसायचं होतं. फहीमनं दारातच अडवलं.

"भाभी, आत मोठं चुंबक हाये. बांगड्या, मंगळसूत्र, पिना, सब्बन काढा."

तिनं काढलं. टाक तेवढा गळ्यात राहू दिला.

"ते पन."

"हे काढत नसतात, भाऊ."

"चांदी असन तरी काढाच लागते. आमचा नियमच हाये."

कोकिळेनं दोरा मानेवरून काढला. लग्नापासून पहिल्यांदा. तिनं सांगितलं, मान इतकी हलकी झाली की हसू आलं. चोराला उघडं दार सापडावं तसं झालं तिला. कुणी बोट दाखवणार नाही, नियमच तसा आहे.

मशीन सुरू झालं. ठक ठक ठक. मग घरघर. कोकिळेच्या कानात कापसाचे बोळे होते, हेडफोनमधलं तिला काही ऐकू येत नव्हतं. ती निवृत्तीच्या अंगठ्याला धरून बसली होती. बराच वेळ अंगठा थंड होता. मग एकाएकी बोटं हलली. लहान मूल खुशीत हलवतं ना, तशी. माझा आवाज पोचला, असं तिला वाटलं. डोळे भरून आले.

काम संपल्यावर मॅडमनी तिला काचेमागच्या खोलीत बोलावलं. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"हे कच्चं चित्र आहे, पक्कं नंतर येईल. पण बघा. तुमच्या आवाजाला... मागच्यासारखंच." मग हळूच म्हणाल्या, "आणि या वेळी पहिल्या ताईंच्या आवाजालाही काही नाही. परक्यासारखंच."

 सोंग घेऊनही कोकिळा परकीच.

"मंग हे काय व्हय?" तिनं पडद्याकडे बोट केलं. एक चित्र पेटलं होतं. अर्धं नाही. पूर्ण.

 फहीमनं मान खाली घातली.

"दोन आवाजांच्या मध्ये आम्ही थोडा वेळ शांतता ठेवतो," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा हेडफोनमध्ये काहीच वाजत नाही. हे चित्र त्या शांततेचं आहे. काही आठवलं असेल त्यांना."

निवृत्ती बाहेर आला तो हसतच. "पुष्पा बोलली," म्हणाला. "म्हने, थांबा, आलीच मी."

कोकिळेनं बांगड्या चढवल्या. मंगळसूत्र घातलं. टाक घातला नाही. रुमालात बांधून कमरेला खोचला.

शेगाव मागं पडलं. थंडी मरणाची.  कोकिळेच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी हिला गळ्यात वागवलं, हिला आधी कुंकू लावलं, आणि ही मला माझ्या नवऱ्याच्या डोक्यात पाय ठेवू देत नाही. खिरोड्याजवळ पूर्णेचा पूल आला.

"मोतीरामभाऊ, थांबवा जरा. नदीले पैसा टाकते."

मोतीरामनं गाडी थांबवली. ती उतरली. कठड्याशी गेली. रुमाल सोडला. खाली पाणी दिसत नव्हतं, नुसता काळोख. तिनं टाक भिरकावला.

"जाय आता," ती म्हणाली. "तुही जागा नाही इथं."

पाण्यात पडल्याचा आवाज व्हायला हवा होता. ती थांबली. ऐकत राहिली.

आवाज आलाच नाही.

ती गाडीत येऊन बसली. निवृत्तीच्या शेजारी. मोतीरामनं गाडी काढली. पूल संपला. आणि निवृत्ती बोलायला लागला.

"हाव."

मग गप्प. फोनवर पलीकडचं माणूस बोलत असावं तसा.

"हाव... बसली हाये. इथंच हाये."

मोतीरामनं आरशात पाहिलं. निवृत्तीच्या हातात फोन नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते.

"निवृत्तीभाऊ, कोनासंग बोलून राह्यले?"

 गाडीच्या काचा बंद. आतल्या बाजूनं धुकं धरलं होतं.

"काय? 'रागावली नाही मी', असं म्हनून राह्यली?... म्हंजे, तू नाही रागावली ना?"

...

"बरं."

...

वरवट बकालचा चौक आला. दिवे होते. एक कुत्रं गाडीकडं बघून मागं मागं सरकत गेलं. मोतीरामनं रामरक्षा म्हणायला घेतली, दोन ओळींच्या पुढं आठवेना. चौक मागं पडला. पुन्हा काळोख.

कोकिळेला थंडी वाजत होती. अंगाला नाही. गळ्याला. टाक असायचा ना, नेमकी तेवढीच जागा. बर्फ ठेवल्यासारखी. तिनं हात लावला. गळ्यात काही नव्हतं. तरी गार. मग ते गार हललं. वर सरकलं. आत सरकलं... तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं.

काही नाही.

"मले नाही मालूम," निवृत्ती म्हणाला. "लय चांगली बाई हाये. पन नाव नाही मालूम."

...

"काय म्हन्लं?"

...

"कोकिळा?"

मोतीरामचा पाय ब्रेकवर गेला. गाडी रस्त्यात उभी राहिली. इंजिन बंद पडलं.

निवृत्तीनं मान वळवली. दीड वर्षांत त्यानं बायकोकडं असं बघितलं नव्हतं. सरळ. डोळ्यांत डोळे घालून.

"कोकिळे," तो म्हणाला. "थंडी वाजते काय वं तुले?"

त्यानं आपली चादर काढली आणि तिच्या अंगावर टाकली. मग वाकून चादरीचं दुसरं टोक तिच्या पलीकडं नीट पसरलं. तिच्या पलीकडच्या सीटवर कुणी नव्हतं.

कोकिळा रडत होती. ज्या एका शब्दासाठी दीड वर्ष जळली, तो तिला मिळाला होता. पण कुणी दिला, हे तिला कळलं होतं. आनंद खरा होता आणि आग त्याहून खरी होती. तिचं स्वतःचं नावसुद्धा तिच्या नवऱ्याला सवतीकडून कळावं? आभार मानायचे की शिव्या घालायच्या, तिला समजेना. तोंडातून आवाज मात्र निघत नव्हता.

मोतीरामनं त्यांना दारात सोडलं. भाडं घ्यायला तो थांबला नाही. आशाबाई झोपली होती. कोकिळेनं नवऱ्याला निजवलं. रात्री झोपेत त्यानं दोन-तीनदा तिचं नाव घेतलं. ती उशाशी बसून राहिली, एक अक्षर न बोलता.

सकाळ झाली. अमावस्या असली तरी ऊन लख्ख होतं. अंगणात पोरं खेळत होती, रस्त्यानं दूधवाला ओरडत गेला. निवृत्ती ओसरीवर बसून "कोकिळे, चहा आन" म्हणाला. उजेडात रात्रीचं सगळं खोटं वाटायला लागलं. गळ्याची थंडी गेली होती. आशाबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, पाठ दाराकडं. तेवढ्यात रोहिणखेडहून कोकिळेच्या आईचा फोन आला. रात्री तपासणी कशी झाली ते विचारायला.

कोकिळेनं फोन कानाला लावला. आनंद पोटात मावत नव्हता. रात्रीपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटला.

"आई, ह्यांनी मले ओळखलं वं! माहं नाव घेतलं!"

पलीकडं कुणी बोलेना.

"आई? आयकू येते ना?"

"कोन बोलून राह्यलं बाई?" आईचा आवाज आला. "कोकिळेले द्या ना जरा."

"मीच व्हय ना वं आई. कोकिळा."

"मजाक करू नका बाई. माह्या लेकीचा आवाज मले ओळखू येत नाही काय? तिले काही झालं काय? द्या ना तिले फोन..."

कोकिळा दारात उभी राहिली. फोनमधून आई हाका मारत होती.

चुलीवरची भाकर जळायला लागली होती. आशाबाईनं ती उलटली नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. पिठाचे हात तसेच तोंडावर घेऊन ती हमसून हमसून रडायला लागली, आणि म्हणाली, "आली काय वं, पुष्पा."